उरलं तर वस्ती आहेच

आत्याबाई, आज सकाळी मी वरणाचं पातेलं धुतलं आणि धुवण अंगणात ओतून दिलं. ओतल्यावर हात थांबला. चुलीजवळून आता आवाज येईल म्हणून मी क्षणभर तशीच वाकून उभी राहिले. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले हे मला ठाऊक आहे. माझ्या पाठीला ते अजून ठाऊक झालेलं नाही.

तुम्ही ते धुवण टाकू दिलं नसतं. त्यात मूठभर ज्वारीचं पीठ कालवून, मीठ आणि मिरची घालून तुम्ही त्याची पेज केली असती, आणि मास्तरणीच्या घरचं वरण अंगण पितं, असं शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला असता. मी सातवी पास होऊन गावच्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, त्याचं वस्तीत सगळ्यांना कौतुक होतं. तुमच्या तोंडी मात्र 'मास्तरीण' हा शब्द नेहमी जरा आंबट लागायचा. मी सासूला उलट बोलणाऱ्यांतली नव्हते. मी गप्प बसायची, आणि माझं गप्प बसणं तुम्हाला माझ्या बोलण्यापेक्षा जास्त टोचायचं, हे मला उशिरा कळलं.

आपली भांडणं सगळी अन्नावरून. परातीला चिकटलेलं पीठ तुम्ही पाण्याने सोडवून आंबिलीत घालायच्या. मेथीचे देठ मी फेकले तर तुम्ही ते उकिरड्यावरून उचलून आणून धुतलेत, आणि जेवताना माझ्याच ताटात वाढलेत. भाकरी उरली तर दुसऱ्या दिवशी कुस्करा, तोही उरला तर वाळवून डब्यात. मी फार तर एवढं म्हणायची, आता एवढी ओढ नाही राहिली आपल्याला, दोन माणसं कमावतात. तुम्ही म्हणायच्या, ओढ काय सांगून येते? इथवर आपलं भांडण कुठल्याही घरातल्यासारखंच होतं.

पण त्याच्या खाली दुसरं एक भांडण होतं, आणि ते आपण कधी नीट काढलं नाही. आपल्या घराच्या माळ्यावर एक मडकं होतं. दीक्षेच्या आधी त्यात लग्नाच्या पुऱ्या असायच्या. गावच्या जमीनदारांकडे, मालगुजारांकडे, लग्न असलं की वस्तीतल्या बायका टोपल्या आणि गंज-पातेली घेऊन त्यांच्या मागच्या दाराशी दुपारपासून बसायच्या. सगळ्या पंगती उठल्या, गडीमाणसं जेवली, की मग उरलेलं बाहेर यायचं. हंड्यातलं बिनहाताचं आणि पत्रावळीवरचं उष्टं, दोन्ही एकाच टोपलीत. तुम्ही घरी आणून पुऱ्या निवडायच्या, कौलांवर उन्हात वाळवायच्या आणि मडक्यात भरायच्या. श्रावणात काम नसलं की त्या पाण्यात भिजवून मीठ लावून खायच्या. माझ्या माहेरीही तसंच होतं. त्या भिजलेल्या पुरीची चव मला अजून सांगता येते, म्हणून मला तिचा राग होता. तुम्हाला राग नव्हता. त्या पुऱ्यांवर तुम्ही तीन लेकरं जगवली होती, त्यांतला एक माझा नवरा.

दीक्षेसाठी नागपूरला आपण सगळे बरोबर गेलो. तुम्ही लुगड्याच्या गाठीत भाकरी बांधून नेल्या होत्या आणि मैदानावर शेजारी बसलेल्या अनोळखी बायकांना तोडून तोडून दिल्या. बौद्ध होऊन परत आलो त्या आठवड्यात तुम्ही माळ्यावरून ते मडकं उतरवलं आणि स्वतः फोडलं. कोणी सांगितलं नव्हतं. आत दोन-तीन पुऱ्या होत्या, त्या तुम्ही गाईला घातल्या. मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "पाहून राह्यली काय, झाडणी आण." त्यानंतर तुम्ही कोणाच्या दारचा एक कण घरात आणला नाही. ही गोष्ट मला माहीत होती. पुढे जे झालं ते हे माहीत असूनही झालं.

वस्तीच्या पंचांनी त्याच महिन्यात ठराव केला. कोणाच्याही दारचं उरलंसुरलं आणायचं नाही, दुसऱ्याच्या पानावरचं खायचं नाही, मोडेल त्याला वस्तीच्या पंगतीत बसवायचं नाही. पंचांचे मुख्य लहानूजी. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. वस्तीत नीट लिहिता येणारी मी एकटीच होते. कागदावर सगळ्यांनी नुसते अंगठे उठवले, तुम्हीही. त्या दिवशी मला माझ्या अक्षराचा फार अभिमान वाटला होता.

मग दीक्षेनंतरचा दुसरा वैशाख आला. कापसाची सरकी काढायचं जिन बंद पडलं होतं आणि वस्तीत घरोघरी माणसं बसून होती. मालगुजारांकडे थोरल्या मुलीचं लग्न झालं. त्यांची मालगुजारी सरकारने काढून घेतली तरी नाव तेच राहिलं होतं आणि पंगतीही तशाच. आपल्यातलं कोणी मागच्या दाराशी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बैलगाडी वस्तीच्या तोंडाशी, निंबाखाली येऊन उभी राहिली. मडावी गाडीवान खाली उतरला. तो गोंड समाजातला, मालगुजारांकडे गाडीवर होता. त्याने हंड्यांवरची झाकणं काढली. भात, वरण, कोहळ्याची भाजी, पुऱ्या, एक पातेलं भरून बुंदी. तो म्हणाला, मालकांनी पाठवलंय, कोणाचा हात लागलेला नाही, पाहून घ्या.

बुंदीचा वास सगळीकडे पसरला. घराघरातून बायका-पोरं बाहेर आली आणि गाडीपासून दहा हातांवर थांबली. कोणी पुढे होईना, कोणी मागेही जाईना. लहानूजींनी मला हाक मारली. मी घरातून कागद आणला आणि वाचला. माझा आवाज जराही कापला नाही. शाळेत कविता वाचावी तसा मी तो ठराव वाचला.

मडावीने विचारलं, "मंग हे नेऊ कुठी?" मालकाकडे परत ने, असं कोणीतरी म्हणालं. तो हसला. वस्तीत येऊन गेलेलं अन्न त्या घरात परत जाणार नव्हतं. आपण कोणी त्याला बोटही लावलं नव्हतं, तरी ते बाटलं होतं. शेवटी त्याने गाडी नदीकडे वळवली. वेणेला घोटाभर पाणी होतं, बाकी वाळू. तिथे त्याने एकेक हंडा पालथा केला.

तुम्ही गाडीमागून चालत गेलात. मी लांबून पाहत होते. तुम्ही वाळूत बसून राहिलात. कावळे आले, कुत्री आली, ऊन चढलं. परत आलात तेव्हा पायांना वाळू होती. पाय न धुता तुम्ही घरात आलात आणि म्हणालात, "तुह्या अक्षरानं अन्न मारलं, मास्तरीण."

मी त्या दिवशी पहिल्यांदा तुम्हाला उलट बोलले. म्हणाले, अन्न मी नाही मारलं, आपल्याला पिढ्यान्पिढ्या मागच्या दाराशी बसवणाऱ्यांनी मारलं. तुम्हाला ते खायचं होतं का, तसं सांगा. तुम्ही कपाळाला हात लावलात.

"मी कुठी म्हणलं खा म्हणून? मी म्हणतो, ते उरलंच काऊन? एवढं उरलंच काऊन?"

मला ते म्हातारीचं हळहळणं वाटलं. मी पुस्तकं वाचणारी, मी तुमचा प्रश्न प्रश्न म्हणून ऐकला नाही. तुम्ही मात्र तो विचारला होता, आणि उत्तर मिळेना म्हणून दुसऱ्या सकाळी जिथे उत्तर होतं तिथे गेलात.

तुम्ही धुतलेलं लुगडं नेसून निघालात. कुठे जाता, असं मी विचारलं नाही, कारण आदल्या दिवसापासून आपण बोलत नव्हतो. दुपारपर्यंत वस्तीभर झालं होतं की गिरजाबाई मालगुजाराच्या मागच्या दारापासून परतताना दिसली, आणि तिने पदर आवळून धरला होता. पदर तुम्ही नेहमीच तसा धरायच्या. मला हे माहीत होतं. रोज पाहत होते.

संध्याकाळी निंबाखाली पंच बसले. तुमचा मुलगा मान खाली घालून उभा राहिला. लहानूजी तुमच्याशी वाईट बोलले नाहीत, तेवढं त्यांचं मानलं पाहिजे. त्यांनी एवढंच विचारलं की वहिनी, त्या दारी कशाला गेल्या होत्या, मागायला गेल्या होत्या काय. तुम्ही सगळ्यांकडे एकदा पाहिलंत.

"तुमी ठरवून बसले," तुम्ही म्हणालात. "मंग इचारता कायले?"

आणि मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आत्याबाई, त्या पाहण्यात राग नव्हता. तुम्ही वाट पाहत होतात. मी उठून तुमच्याजवळ आले असते, आत्याबाई तुम्ही काय बोललात तिथे, एवढं विचारलं असतं, तर तुम्ही सांगितलं असतं. पंचांना नाही, मला सांगितलं असतं. मी मांडीवरचा कागद सरळ करत राहिले. लहानूजी म्हणाले, लिहा बाई. ठराव मोडल्याबद्दल गिरजाबाईला वस्तीच्या पंगतीत बसवू नये. मी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं. तुमचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा कागदावर लिहिलं ते त्या ओळीत.

नंतरचे सहा महिने मी आठवू नये म्हणते. बंदी तुमच्या एकटीवर होती. आम्हा नवरा-बायकोला बोलावणं यायचं. तुमचा मुलगा कुठेच गेला नाही. मी एकदा गेले, लहानूजींच्या नातवाच्या नामकरणाला. त्यांच्या बायकोने, भागरथाबाईने, घरी येऊन बोलावलं होतं, नाही म्हणता आलं नाही असं मी स्वतःला सांगितलं. जेवून घरी आले तेव्हा तुम्ही ओसरीवर डाळ निवडत होता. कोण आलं होतं, काय वाढलं, हे काही विचारलं नाही. विचारलंत ते एवढंच, "किती उरलं?"

मी म्हणाले, पाहिलं नाही.

तुम्ही म्हणालात, पाहत जाय. आणि पुन्हा डाळीत बोटं घातलीत. मी आत जाऊन अंधारात बसले. मला तुमचा फार राग आला होता. तो राग माझा माझ्यावर होता हे समजायला शाळा उपयोगी पडली नाही.

मडावी पावसाळ्यात आपल्या गावी पेरणीला गेला होता. कापूस वेचणी सुरू झाली तेव्हा परतला, आणि हिंगणघाटच्या बाजारात त्याची लहानूजींशी गाठ पडली. तुमची म्हातारी कशी आहे, असं त्याने आपणहून विचारलं. लहानूजींनी तोंड फिरवलं. मग त्याने जे सांगितलं, ते लहानूजींनी त्याच दिवशी आपल्या ओसरीवर येऊन, उभ्यानेच, आम्हाला सांगितलं.

त्या सकाळी मडावी मागच्या दाराशी हंडे घासत होता. तुम्ही रिकाम्या हाताने आलात. आचाऱ्याला हाक मारलीत. तो आधी म्हणाला, काही उरलं नाही बाई, काल सगळं नदीत गेलं. तुम्ही म्हणालात, मी घ्यायला नाही आले. आणि मग, मडावीच्या शब्दांत, म्हातारी म्हणे, "आजपासून आमाले धरू नका. आमचे पोटं मोजून रांधत होते तुमी. आमी आता येत नाई. पावण्याइतकंच रांधजा, नाईतं सारं नदीच खाईन."

आचारी हसला. म्हणाला, दोनशे पानं असली तर तीनशेचं टाकतो, कोणी मोजत बसत नाही, उरलं तर वस्ती आहेच असंच आजवर धरत आलो. आतून मालगुजारांची आई तुमच्यावर ओरडली की तू कोण आम्हाला रांधायचं शिकवणारी. तुम्ही हलला नाहीत. पदर आवळून, उन्हात, तशाच उभ्या राहिलात. शेवटी आचारीच म्हणाला, बरं बाई, नाही धरत. तेव्हा तुम्ही वळलात. आणि यंदा त्यांच्या घरी दिवाळीचं जेवण झालं, तेव्हा एक चूल कमी मांडली होती, असं मडावी म्हणाला.

आत्याबाई, आम्ही तरुण मंडळींनी, शिकलेल्यांनी, न घेण्याचा ठराव केला. तुम्ही त्यांच्या अंदाजातून आपल्याला काढून आलात. आम्ही फक्त टोपली खाली ठेवली होती. त्यांच्या चुलीवर आपली भूक गृहीत धरलेली असते, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते कळायला तुम्हाला वाळूत बसावं लागलं, आणि ते बोलायला त्याच दाराशी पुन्हा जावं लागलं. आम्हाला दार दिसलं. तुम्ही काय बोलायला गेलात ते दिसलं नाही.

लहानूजींनी हात जोडले. मला म्हणाले, बाई, कागद आणा, ठराव मागे घेतला असं लिहा. मी उठले. तुम्ही जागेवरूनच म्हणालात, "राहू द्या. कागद कायले वाया घालवता? पंगत करा, येईन मी."

ते गेले. मी चूल पेटवायला वाकले. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "तू तरी घरी इचारलं असतं."

मी "हो" म्हणाले. एवढंच. फुंकणी उचलली आणि चूल फुंकत राहिले. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आणि पुढचे दहा महिने ते तसंच राहिलं. रोज वाटायचं, आज भाकरी करताना बोलू. तुम्ही पुन्हा टोमणे मारायला लागला होता, पुन्हा देठ धुऊन माझ्या ताटात वाढत होता. मला वाटलं, झालं, मिटलं. शिकलेल्या माणसाला न बोलता मिटवून टाकण्याच्या फार सोयी माहीत असतात.

तापात तुमचं जेवण तुटलं. मी पेज करायला घेतली की तुम्ही खाटेवरून बोटांनी खूण करायच्या. "थोडंच करजो. उरलं तं तुलेच शिळं खावं लागीन." चौथ्या दिवशी मी दोन चमचे पेज केली. तुम्ही एक घेतला.

काल तुमच्या नावाचं जेवण झालं. लहानूजी म्हणाले होते, सगळ्या वस्तीचं टाका, वर थोडं जास्तीचं. मी नको म्हणाले. पाटी घेऊन घरोघर गेले आणि विचारलं, तुमच्याकडचं कोण कोण येणार. लोकांना ते विचित्र वाटलं. मयताच्या जेवणाला कोणी असं मोजतं का, असं एका घरी म्हणालेही. मी मोजत राहिले.

भागरथाबाई दारात ज्वारी पाखडत होती. मी विचारलं तसं तिने सूप खाली ठेवलं.

"एक इचारू?" ती म्हणाली. "तू तिचं नाव काऊन लिहिलं वं त्या रोजी? नाई लिहीत म्हणाली असती तं आमचे हे कोणाले सांगणार होते? लिहिता कोणाले येते अथी?"

दीड वर्षात हे मला कोणी विचारलं नव्हतं. तुम्हीही नाही. मी म्हणाले, "म्हणूनच लिहिलं. नाही म्हटलं असतं तर पुन्हा कोणी माझ्याकडे कागद घेऊन आलं नसतं. मला त्याची भीती वाटली."

"अन् तिचं काई नाई वाटलं?"

"वाटलं. पण कागदाची जास्त वाटली."

मला वाटलं, आता ती दार लावून घेईल. तिने सूप उचललं, दोनदा पाखडलं. मग म्हणाली, "आमच्या घरचे पाच धर."

दुपारी पंगत बसली. वरण, भात, भाकरी, वांग्याची भाजी. तुमच्या मुलाने वाढलं, मी वाढलं. शेवटची ओळ बसली तेव्हा हंड्यांच्या तळाला चमचा लागत होता, आणि शेवटच्या पानावर भात पडला तेव्हा सगळे हंडे रिकामे झाले. क्षणभर मला वाटलं, तुम्ही असता तर आत डोकावून पाहिलं असतं. मग ध्यानात आलं की पाटीवर मी स्वतःला धरलंच नव्हतं.

कोणाला कळू नये म्हणून मी हंडे उचलायला लागले. भागरथाबाई ओळीच्या टोकाला बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या हंड्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता सरकली. आपल्या पत्रावळीवरचा भात तिने हाताने मधोमध दोन केला.

"बस," ती म्हणाली.

सगळी वस्ती पाहत होती. दुसऱ्याच्या पानावरचं खायचं नाही हे मीच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. मी हंडा खाली ठेवला, हात धुतले आणि तिच्या शेजारी बसले. भात कोमट होता. मी तिच्या पानावरचा माझा अर्धा भाग सगळा खाल्ला.

आत्याबाई, मी तुम्हाला घरी विचारायला हवं होतं. मी ते लिहायला नको होतं.